आयकलं का

"आयकलं का..." बांधावरून आईची हाक यायची. गोजरबाईचा आवाज पातळ होता, पण वाऱ्याने वाळल्या शेंगा वाजवत यावं तसा तो तुरीच्या तासांमधून सरसरत यायचा. डोक्यावर भाकरीची टोपली, हातात पाण्याची कळशी, आणि पुढे पाठमोरा बाप. दुसरबीडच्या शिवारात तेव्हा कोणतीच बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. उकंडराव हे नाव आईच्या ओठांवर कधी आलं नाही, म्हणून तिने त्याला हे दुसरं नाव दिलं होतं. बाप वळायचा नाही. ती पुन्हा हाक द्यायची, तरी नाही. तिसऱ्या हाकेला मात्र तो बैल थांबवायचा आणि आत्ताच ऐकू आल्यासारखा मागे बघायचा. आईच्या पदराला धरून चालणाऱ्या सात वर्षांच्या गोकुळला ते कळलं होतं. पहिल्या हाकेलाच बापाची पाठ ताठ व्हायची, वखरावरचा हात जागच्या जागी थबकायचा. एकदा बाभळीखाली जेवताना, आई पाणी आणायला गेली असताना, त्याने विचारलंच, "बा, तुमाले पह्यल्याच हाकेले आयकू येते ना?" बाप मिशीत हसला. "येते ना बे. पन तीनदा आयकाले बरं वाटते. कोनाले सांगू नको." गोकुळने ते कोणाला सांगितलं नाही. पुढे लग्न झालं, साखरखेर्ड्याची पुष्पांजली घरात आली आणि चौथ्या की पाचव्या दिवशी चुलीकडे तोंड करून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आयकलं का, मीठ कोठी ठेवते तुमची आई?" तेव्हा त्याचीही पाठ तशीच ताठ झाली, आणि तोही गप्प राहिला, दुसऱ्या हाकेसाठी.

आता बारा वर्षांनी, मोताळ्याच्या नाक्यावर, गोपालच्या ट्रकमध्ये, चहाचा कागदी पेला हातात असताना तो शब्द डॅशबोर्डमधून आला. "आयकलं का, समोर गाडी थांबली हाय. हयू घ्या." आणि गोकुळच्या तोंडून, घरी निघतं तसं, दोन्ही ओठ मिटलेले असतानाच निघून गेलं, "हं."

गोपालने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि हसला, हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अबे गोकुया! तू काऊन हं म्हनतं? मले म्हनून राह्यली ते! सकायपासून चाळीस खेपा म्हनली. माह्या बायकोनं सात जन्मात इतक्या खेपा नाही म्हटलं बे."

गोकुळ हसला. हसायलाच पाहिजे होतं. पेल्यातला चहा त्याच्या बोटांवर सांडला होता आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं. डॅशबोर्डवरची ती पेटी त्याला माहीत होती. मलकापुरातल्या महादेवरावांच्या बारा गाड्यांना, गोकुळ चालवायचा तिलाही, त्या बसणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. जिनिंगमधून कापसाच्या गाठी घेऊन गाड्या जालन्याला जातात, येताना लोखंडाच्या सळया आणतात, आणि मध्ये राजूरचा घाट आहे. हिवाळ्यात त्या घाटात धुकं असं उतरतं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. म्हणून ही पेटी. टॉवर नको, फोन नको, गाडी थेट गाडीशी बोलते. मी इथे आहे, एवढ्या वेगाने येतेय, आत्ता ब्रेक दाबला, हे प्रत्येक गाडी एका सेकंदात दहादा आजूबाजूच्या गाड्यांना सांगते. त्यातून धोका दिसला की पेटी बोलते. पहिल्यांदा ती पुस्तकी बाईच्या आवाजात "कृपया लक्ष द्या" म्हणायची. तेव्हा मोतीरामभाऊ, सगळ्यांत म्हातारा ड्रायव्हर, म्हणाला होता, "हिचं कृपया सरेपर्यंत मी खाईत जाऊन बसीन." मग महादेवरावांनी फर्मावलं, आपल्यातलं कोणी बोला. ऑफिसात गाड्यांच्या खेपा कॉम्प्युटरवर लावणारी पुष्पांजलीच तेवढी होती. वाक्यं तिनेच लिहिली, आवाजही तिनेच दिला. एवढं गोकुळला ठाऊक होतं. वाक्याच्या तोंडाशी तिने काय बसवलंय ते तिने सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती कणीक मळत होती आणि आपल्याशीच गुणगुणत होती. ती ऑफिसात बसून ओव्या रचते हे त्याला माहीत होतं. खेपांच्या कागदामागे पेन्सिलने लिहून ठेवायची.

घाटाच्या वाटंवर, धुकं पडलं दाट गं
हाकंच्या धाग्यानं, शिवते मी वाट गं

कोणासाठी शिवते? हा प्रश्न त्याच्या मनात असा शिरला, जसा पायात काटा शिरतो. आधी नुसतं टोचतं, मग चालताना कळतं की आत राहिलंय. बारा गाड्या. बारा माणसं. मोतीराम म्हातारा, ठीक आहे. पण गोपाल? पहाटेच्या गार काचेमागे, बिडीच्या धुरात, मांडीवर गमछा टाकून बसलेला गोपाल, आणि त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर तो आवाज. कोवळा, थोडा घाईचा, शेवटचा "का" वर उचललेला. तो "का" त्याने किती वर्षं जपून ऐकला होता. रागात तो आखूड व्हायचा, लाडात लांबायचा. सासऱ्याच्या देखत तो इतका हळू व्हायचा, की तो कानाने नाही, मानेवरच्या केसांनी ऐकावा लागायचा. आणि आता तो लोखंडी पेटीत भरून बारा जागी जाणार होता. नाक्यावरच्या टपरीवरसुद्धा ऐकू जात असेल, काच खाली असली तर.

"आयकलं का," ती म्हणाली, "तुमच्या गाडीतबी बसन पेटी, सोमवारी."

तो गप्प राहिला. ती दुसऱ्यांदा म्हणेल म्हणून थांबला. ती म्हणाली, पण त्याला पहिल्यांदाच वाटलं की ही दुसरी हाक काही त्याची नाही, आज चाळीसदा गोपालला दिलेल्यातली उरलेली आहे.

सोमवारी जिनिंगच्या आवारात पेटी बसवायला हर्षल आला. हर्षल तिशीचा, साखरखेर्ड्याचाच, पुष्पांजलीच्या माहेरच्या गल्लीतला. पुण्यात राहून हे सगळं शिकून आलेला, आणि तरी तिला "ताई" म्हणणारा. त्या 'ताई' शब्दाने गोकुळचं काही समाधान झालं नाही. पेटी कशी चालते ते हर्षल सगळ्यांना समजावत होता, ऐकायची आणि सांगायची वीज एकाच लाल वायरीतून जाते म्हणाला, हिरवं बटण दाबून बोललं की जवळपासच्या सगळ्या गाड्यांत आवाज जातो म्हणाला. गोकुळ त्याच्या गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनकडे बघत होता. काळे, मऊ गादीचे, कानावर बसले की बाहेरचं जग बंद करणारे.

"ताईचा आवाज लय साफ हाय," हर्षल स्क्रू पिळता पिळता सहज म्हणाला. "ऑफिसच्या कपाटात गोधड्या टांगल्या, त्यात बसवलं तिले. दोन दिवस लागले. फक्त मधातले श्वास कापा लागले."

"श्वास?"

"हो ना, दोन शब्दांच्या मधात माणूस श्वास घेते ना. ते कापले की वाक्य सपासप निघते."

"कापलेले कोठी गेले?"

हर्षलने मान वर केली. त्याला वाटलं गंमत चाललीय. "कोठी जाईन, भाऊजी? फेकले."

फेकले. घाट चढताना गोकुळच्या डोक्यात तेच फिरत राहिलं. गोधड्यांच्या अंधारात ती बसलेली, ओठांसमोर ती काळी जाळी, आणि भिंतीपलीकडे कानांवर गाद्या चढवून कोणीतरी तिचा एकेक श्वास ऐकतंय, मोजून घेतंय, कापतंय. इतक्या जवळून त्याने स्वतः तरी कधी ऐकलं होतं का तिला? झोपेत तिचा श्वास त्याच्या खांद्यावर पडायचा, पण झोपेतला श्वास कोणाचाही असतो. हाक द्यायच्या आधीचा, आत ओढून धरलेला तो अर्धा श्वास, तो मात्र फक्त त्याचा होता; तो ऐकला की त्याला आधीच कळायचं, आता म्हणणार. पेटीतल्या वाक्यात तो नव्हता. शब्द एकदम यायचा, दार न वाजवता घरात शिरलेल्या माणसासारखा. आणि एकदाच. पेटी उत्तराची वाट बघायची नाही.

आवाज कमी करायचं बटण पेटीला नव्हतं. धोक्याचा आवाज कमी करू द्यायचा नाही, असा नियम. मग तिसऱ्या दिवशी मोताळा मागे टाकल्यावर त्याने हात खाली घातला, लाल वायर चिमटीत धरली आणि ओढली. पेटीवरचा निळा दिवा विझला. गाडीत नुसता इंजिनाचा आवाज उरला. आता बाकीच्या अकरा गाड्यांत ती बोलत असेल, पण आपल्यात नाही. आपल्यासाठी ती फक्त घरी बोलेल. ही एवढीशी मालकी त्याला फार गोड वाटली, चोरून खाल्लेल्या गुळासारखी. हर्षलने सांगितलेलं, ऐकणं आणि सांगणं एकाच वायरीत, हे त्याच्या कानावर पडलं होतं की नव्हतं? नंतर त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं. पडलं होतं. बापाला पहिली हाक जशी ऐकू यायची तसं. मलकापूर जवळ आलं की तो वायर परत खोचायचा. नऊ दिवस हे चाललं.

दहाव्या सकाळी तो चिखलीचा मुक्काम सोडून घाट उतरत होता. धुकं ताकासारखं ढवळलेलं, मध्येच फाटायचं, मध्येच जुळायचं. चौथ्या वळणाच्या पोटात मागचं चाक बसलं. तो उतरला, दगड लावला, आणि वाकलेला असतानाच वरून इंजिनाचा आवाज आला. मोतीरामभाऊ. तो आवाज तो झोपेतही ओळखला असता. म्हातारा उतारावर गिअर टाकताना दोनदा क्लच मारायचा. गोकुळ तेव्हा काय करू शकला असता? वळणावर पळत जाऊन गमछा हलवू शकला असता. पण त्याचे पाय केबिनकडे धावले. त्याने लाल वायर खोचली. निळा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. पेटीला जाग यायला वेळ लागतो. तो त्या दिव्याकडे बघत होता आणि ओरडत होता, "बोल ना! बोल ना व!" कोणाला ओरडत होता? दिवा स्थिर झाला. पुढच्याच क्षणी वर धुक्यात ब्रेक किंचाळले, सळयांचा आवाज आला, हजार भांडी एकदम पडल्यासारखा, आणि मग काहीच नाही. मोतीरामने गाडी डोंगराच्या अंगाला घातली होती. म्हणून दोघंही जिवंत होते. म्हाताऱ्याचा डावा हात कोपराखाली उलटा लोंबत होता आणि तो गोकुळकडे बघून एवढंच म्हणाला, "तुह्यी बायको बोलली बे. पन निस्तं 'आयकलं का' बोलली. पुढचं आयकाच्या आंधी भित आली."

हेच वाक्य तो नंतर सगळ्यांना सांगत राहिला, दवाखान्यात, ऑफिसात, टपरीवर, कोणावरही राग न धरता. राग धरला असता तर बरं झालं असतं. हर्षलने पेटीतली नोंद काढली. पाटीच्या शेवटी सतरा नंबर असलेली गाडी, म्हणजे गोकुळची, त्या वळणावर अचानक दिसायला लागली होती. डोंगर आडवा आला असेल, तो म्हणाला, आधीचे नऊ दिवसही घाटात ती अशीच हरवत होती. डोंगराला तर काही हलवता येत नाही. मग राहिलं काय? हर्षलने कागदावर गणित मांडलं. उतारावर चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. 'आयकलं का' म्हणायला पाऊण सेकंद. "ताई, वाईट वाटून घेऊ नको," तो म्हणाला, "पन तुह्या त्या एका शब्दात अख्खी एक गाडी बसते. तो नसता तर मोतीरामभाऊले 'गाडी थांबली' आयकू आलं असतं." सगळ्या पेट्यांतून तो शब्द काढायचं ठरलं. काढायचा म्हणजे तिचा आवाजच काढायचा, त्याजागी नुसती शिट्टी. सतराच्या ड्रायव्हरला कोणी काही विचारलं नाही. आपल्याच बायकोच्या पेटीची वायर कोण काढेल?

त्याला हवं होतं ते झालं होतं. बारा गाड्यांतून तो शब्द निघून जाणार होता, आणि कोणाचं बोट त्याच्याकडे वळलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो घरी पाटावर बसला, पुष्पांजली स्वयंपाकघराच्या दारात आली आणि उभी राहिली. नुसती उभी. त्याने वाट बघितली. ओळखीचा तो अर्धा श्वास तिने आत घेतला, त्याला तो ऐकू आला, आणि मग तिने तो तसाच सोडून दिला. ताट त्याच्यापुढे ठेवलं. "जेवून घ्या," एवढंच. दुसऱ्या दिवशीही तेच. काही हवं असलं की ती जवळ येऊन उभी राही, तो वर बघेपर्यंत. एकदा परसात तो कपडे वाळत घालत होता, तिला त्याला फोन आल्याचं सांगायचं होतं. ती मागे येऊन थांबली, आणि शेवटी बोटाने त्याच्या दंडाला शिवली. बारा वर्षांत तिने त्याला बोलावण्यासाठी कधी हात लावला नव्हता.

"काऊन व, आवाज द्यायले काय झालं?" त्याने विचारलं.

"त्या शब्दानं मोतीरामभाऊचा हात गेला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनते गिअर नाही टाकता येनार. तोंडातून काढाचं जिवावर येते मले." मग ओल्या चादरीचं टोक पिळत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मले काय ठाव होतं. हर्षल म्हने, अशा आवाजात बोल का मानसानं झटकन कान द्यावा. म्या दोन दिवस लय पराकाष्टा केली. 'सावधान' म्हटलं, 'भाऊ' म्हटलं, सारं कोरडं निंगे. मंग डोये मिटले अन् म्हटलं, धुक्यात तुमीच येऊन राह्यले. तवा तो शब्द आपोआप आला. बाकीच्यायले तो उगाच गेला. होता तुमालेच."

चादर दोरीवर पडली. तिच्यामागे ती दिसेनाशी झाली, फक्त पाय दिसत होते, ओल्या फरशीवर. गोकुळला तेव्हाच सांगता आलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण त्याने बापासारखं केलं. ऐकू न आल्यासारखं उभं राहणं किती सोपं असतं, आणि त्यात किती सुख असतं असं त्याला वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला आईची बाजू दिसली. बांधावर उभी, डोक्यावर ओझं, मान अवघडलेली, आणि समोर एक पाठ. तीनदा. रोज तीनदा. आणि ती गेली त्या वर्षी, बाभळीखाली एकट्याने भाकरी सोडताना बाप मध्येच घास थांबवून बांधाकडे बघायचा, आणि गोकुळ विचारायचा, काय झालं, तर म्हणायचा, काही नाही.

शुक्रवारी सकाळी जिनिंगच्या आवारात बारा गाड्या ओळीने लागल्या होत्या, त्यांत मोतीरामभाऊची नाक चेपलेलीही. पत्र्यावर कापसाचे तंतू चिकटले होते, कोवळ्या उन्हात चमकत होते. हर्षल मांडीवर लॅपटॉप घेऊन पायरीवर बसला होता. एका तासात शिट्टी सगळ्या पेट्यांत जाणार होती. महादेवराव उभे होते, मोतीरामभाऊ हात गळ्यात बांधून बसला होता. पुष्पांजली ऑफिसच्या ओट्यावर, आवाराकडे पाठ करून, खिडकीतून काहीतरी शोधत असल्यासारखी. सगळ्यांच्या काचा खाली होत्या, दारं उघडी.

"घ्या गड्यांनो," गोपाल म्हणाला, "शेवटचं आयकून घ्या वयनीचं. उद्यापासून निस्ती शिट्टी. गोकुया, तुह्यं बरं हाय लेका, तुले घरी तरी भेटते!"

दोघं-तिघं हसले. पुष्पांजली हलली नाही. गोकुळ आपल्या गाडीत चढला. गुडघ्याजवळ लाल वायर होती, तिला धरून ओढल्याच्या जागी प्लॅस्टिक किंचित मऊ पडलं होतं. निळा दिवा लागलेला. एका सेकंदात दहादा ही गाडी म्हणतेय, मी इथे आहे, मी इथे आहे. त्याने हिरव्या बटणावर अंगठा ठेवला. दाबला. श्वास घेतला, तो न कापलेला, सगळ्यांना ऐकू गेलेला.

"आयकलं का."

बारा गाड्यांतून त्याचा आवाज बाहेर आला, एकामागून एक, किंचित मागेपुढे, आवारभर. हसणं थांबलं. गोपालने स्वतःच्या डॅशबोर्डकडे बघितलं, मग ओळीच्या टोकाला. पुष्पांजली वळली नाही. पण तिची पाठ ताठ झाली, खिडकीच्या गजावरचा हात जागच्या जागी थबकला.

"आयकलं का," तो दुसऱ्यांदा म्हणाला. "डोंगर आडवा नव्हता आला. सतरा नंबरची लाल वायर म्या काढली होती. नऊ दिवस काढली. मोतीरामभाऊ, तुमची गाडी आयकू आली तवा खोसली, म्हनून तुमाले निस्ता तो शब्दच भेटला. शब्दाची चूक नाही. तिची तर नाहीच नाही."

"काऊन बे?" मोतीराम म्हणाला. तो ओरडला नाही. त्याने मांडीवरचा चांगला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. "काऊन काढली बे गोकुया?"

महादेवराव गाडीकडे निघाले होते. हर्षलने लॅपटॉपवरून हात काढले. गोकुळच्या अंगठ्याखाली बटण गरम झालं होतं. त्याला काचेतून फक्त एक पाठ दिसत होती, ओट्यावर, उन्हात, आणि त्या पाठीला ऐकू येतंय हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"आयकलं का," तो तिसऱ्यांदा म्हणाला, "मले पह्यल्याच हाकेले आयकू येत होतं व. दर खेपी. बारा वर्षं. पुन्हा म्हनशीन म्हनून गप बसे. अन् तो शब्द गोपालच्या गाडीत आयकला, तवा माह्यी छाती जयाली. मले तो वाटून देता नाही आला."